सतरा मिलिमीटर

आ करा, मी म्हणते.
काचाव आ करतो,
म्हणजे त्याच्याकडे जेवढा उरलाय तेवढा.

वरच्या पटाशीपासून खालच्या पटाशीपर्यंत
कॅलिपरचे थंड पाय.
सतरा.
मी रकान्यात सतरा लिहिते.
धडधाकट माणसाच्या तोंडात त्याचीच तीन बोटं मावतात,
एकावर एक.
याचं एकटं बोट उंबऱ्याशी अडखळतं.

पंचवीस वर्षं तो तैपेईत परांच्या बांधायचा.
इमारत उभी राहिली की परांची उतरते,
तिच्याबरोबर तोही उतरायचा.
"विसाव्या मजल्यावर डुलकी लागली तर?
गालात सुपारी धरायची, तिला चुन्याचं बोट,
की डोळे टक्क."
झोप उडाली ती उडालीच.
गालाच्या आतून मात्र एक दोर वळला जात राहिला,
पांढरा, ताठ.
हातमोज्यातूनही लागतो बोटाला,
कुणीतरी चोख बांधलेल्या गाठीसारखा.
आता कोमट आल्याचं पाणीही झोंबतं.

तायतुंगच्या या दवाखान्यात
आमच्या अभ्यासात एकशे बारा तोंडं आहेत
आणि दोन बाटल्या.
एकीत औषधाच्या गोळ्या,
दुसरीत त्याच रंगाच्या, नुसत्या पिठाच्या.
कुणाला कोणती, ते दूरच्या एका कपाटात
पाकिटात बंद.
"मला कुठली?"
मला माहीत नाही.
"डॉक्टर श्यूंना?"
त्यांनाही नाही.
काचाव हसतो. त्याचं हसणं डोळ्यांपाशीच संपतं,
ओठांना त्यात भाग घेता येत नाही.
"म्हणजे कुलूप एकट्या माझ्याच तोंडाला नाही तर."

गोळीसोबत लाकडी पट्ट्या.
दातांत एकावर एक रचायच्या,
रोज तीनदा, पाच-पाच मिनिटं.
हे दोन्ही बाटल्यांना सारखंच.
पहिल्या दिवशी अकरा मावल्या.
बारावी सरकवताना
त्याच्या कानामागून घामाची धार निघाली.

प्रश्न क्रमांक नऊ:
तोंड उघडू लागल्यावर तुम्हाला काय करायला आवडेल?
कुणाला भाजलेलं कणीस हवंय,
कुणाला भावाशी एकदाचं कडकडून भांडायचंय.
एक बाई म्हणाली, दात काढून घ्यायचाय,
दोन वर्षं ठणकतोय, पण हत्यारच आत जात नाही.
काचाव बराच वेळ खिडकीबाहेरचा समुद्र बघत राहिला.
"जांभई," म्हणाला.
"दहा वर्षं एक अर्ध्यावर अडकलीये."

पर्याय पाचच होते.
मी "इतर"वर खूण केली.

चौथ्या महिन्यात वादळानं रस्ता वाहून गेला,
तो आला नाही.
पाचव्यात आला, तेव्हा श्वासाला चुन्याचा वास.
खोटं बोलला नाही.
"एकच. मयतीत. नको म्हणणं बरं दिसलं नसतं."
तेही लिहिलं.
तेरावी पट्टी. मग कितीतरी दिवस तेरावीच.

नवव्या महिन्यात एकवीस.
मी दोनदा मोजलं.

आणि पाकीट उघडलं.
डॉक्टर श्यू चष्मा पुसत म्हणाले,
औषधवाल्यांना सरासरी थोडं जास्त मिळालंय,
पण ते योगायोगानंही मिळू शकतं.
काचावच्या नावापुढे: पीठ.

सांगायचं काम माझ्याकडे आलं.
मी समोर बसून समजावू लागले,
गट म्हणजे काय, सरासरी कशी काढतात,
चार मिलिमीटर तुमचे आहेत, पण आमचे नाहीत,
म्हणजे पुराव्यात धरता येत नाहीत,
पट्ट्यांमुळे असतील, सुपारी कमी केल्यामुळे,
नक्की असं काही
आणि बोलता बोलता पाहिलं,
त्याची हनुवटी खाली निघाली होती,
सावकाश, गंज धरलेल्या दारासारखी,
डोळ्यांत पाणी, नाकपुड्या फुललेल्या,
घशातून कुठूनतरी लांबून येणारा आवाज.

माझा हात कॅलिपरकडे गेला.
पोचेपर्यंत संपली होती.

"किती होती?" डॉक्टर श्यूंनी दारातून विचारलं,
आणि उत्तर यायच्या आधीच
त्यांनी स्वतः भला मोठा आ केला.